राज्यशास्त्र: बीए आणि एमए एका दमात करता येतं का?

येरळाकाठ | १५ जानेवारी, रात्री ९.४०

तिळगूळ घ्या सगळ्यांनी, एक दिवस उशिरानं.

मी तासगाव तालुक्यातली. एका पतसंस्थेत कॅशला बसते. प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. बारावी आर्ट्सला आहे, फेब्रुवारीत बोर्ड. अकरावीला ८६ टक्के होते. तिला राज्यशास्त्रच घ्यायचंय आणि एमएपर्यंत शिकायचंय.

हे वरवरचं खूळ नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला ती एकटीच जाऊन मागं बसली होती. तिनं घरकुलाच्या यादीबद्दल विचारलं, तर एकानं सांगितलं की तू मतदार नाहीस, तुला बोलता येत नाही. घरी येऊन रडली नाही. ग्रामपंचायतीचा कायदा शोधून वाचला. मतदारयादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सदस्य, हे तिचं तिला कळलं. त्याच कायद्यात तिला गणपूर्तीचा नियम सापडला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली जी संख्या कमी ती. आमच्या गावाला १०० लागतात. तिनं डोकी मोजून ठेवली होती, ६१ भरली. ते तिनं वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय.

आता प्रश्न. कुणी म्हणतं दोन डिग्र्या एकदम करता येतात, म्हणजे बीएच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच एमए लावायचं. कुणी म्हणतं बीए आता अडीच वर्षांत होतं. कुणी म्हणतं एमए एक वर्षाचं झालं. खरं काय? मला तिचं बीए-एमए जेवढ्या लवकर आणि जेवढं सलग होईल तेवढं हवंय. घरची द्राक्षबाग आहे, सोसायटीचं कर्ज आहे, मागं एक भाऊ नववीला आहे. पैशाचाही विचार आहेच.

हळदपेठ | १५ जानेवारी, रात्री १०.१२

ताई, राग मानू नका. माझा मुलगा राज्यशास्त्रात एमए झाला, प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाला, आणि ५ वर्षं झाली सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं, तास घेतोय. एका कॉलेजात सकाळी, दुसऱ्यात दुपारी. मानधन सहा-सहा महिने येत नाही. लग्नाचं विचारायला गेलो की पहिला प्रश्न, पर्मनंट आहे का? पोरगं हुशार आहे, मन लावून शिकवतंय, पण आम्ही दोघं त्याच्याकडं बघून झोपत नाही. नर्सिंग, फार्मसी, बँकिंग, कशातही घाला. एवढंच सांगायचं होतं.

खडूफळा | १५ जानेवारी, रात्री ११.३०

येरळाकाठ ताई, मी साताऱ्यात राज्यशास्त्र शिकवतो, २१ वर्षं झाली. तुमच्या बहिणीची वही वर्गात दाखवावी असं वाटतंय. आधी नियम सांगतो, मग मत.

दोन पदव्या एकदम करण्याची मुभा यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल २०२२ मध्ये दिली हे खरं. पण ती एकाच पातळीवरच्या अभ्यासक्रमांना आहे. दोन बीए, दोन एमए, किंवा पदवीबरोबर एखादी पदविका. एमएची पात्रताच मुळी पदवी ही आहे, त्यामुळे बीए हातात नसताना एमएचा प्रवेश कुठेच मिळणार नाही. मुक्त विद्यापीठातही नाही. मिळतो असं जो सांगेल त्याला फॉर्मचे पैसे देऊ नका.

अडीच वर्षांचं बीए ही गोष्ट निम्मी खरी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये यूजीसीने अ‍ॅक्सिलरेटेड डिग्रीची कार्यपद्धती मंजूर केली. आम्ही तिला एडीपी म्हणतो. तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त एक सत्र लवकर, चार वर्षांची जास्तीत जास्त दोन सत्रं लवकर. अभ्यासक्रम तोच, क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) तेवढीच, फक्त दर सत्राला जास्त उचलायची. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी अर्ज करायचा, कॉलेजची समिती गुण आणि कुवत बघून ठरवते, आणि मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंतच मुलं घेता येतात. गुणपत्रकावर कमी मुदतीत पूर्ण केल्याची नोंद येते, पदवीची किंमत मात्र कमी होत नाही. नोकरीला ती इतर पदव्यांच्या बरोबरीचीच.

आता हिशोब करून बघा. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला सहा सत्रांत मिळून १३२ क्रेडिट, म्हणजे सत्राला २२. पहिल्या सत्रात २२ झाली, उरली ११०. ती चार सत्रांत बसवायची म्हणजे सत्राला साडेसत्तावीस. अभ्यासू मुलीला जमेल. पण पाचवं सत्र संपतं डिसेंबरात आणि एमएचे प्रवेश होतात जून-जुलैत. जानेवारीत प्रवेश द्यायची परवानगी विद्यापीठांना आता आहे, पण तिला हव्या त्या विभागात हव्या त्या विषयाला जानेवारीचा प्रवेश नसेल तर वाचलेले सहा महिने घरी बसून काढायचे. शिवाय तुमच्या जवळचं कॉलेज एडीपी देतं का हा वेगळाच प्रश्न. नियमात असणं आणि आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर असणं यात अंतर आहे.

एक वर्षाचं एमए? हो, पण ते चार वर्षांची पदवी केलेल्यांना. तीन वर्षांनंतर गेलात तर एमए दोन वर्षांचंच. ३ आणि २ किंवा ४ आणि १, दोन्हीकडून ५ वर्षंच होतात.

हळदपेठ काका, तुमचं दुःख मला रोज स्टाफरूममध्ये समोर बसलेलं दिसतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या मुलाला नमस्कार सांगा.

खुर्ची नंबर १२ | १६ जानेवारी, सकाळी ६.०५

साताऱ्यातल्या एका अभ्यासिकेत ३ वर्षं बसतोय, त्या अनुभवावरनं लिहितो. ताई, बहिणीच्या डोक्यात यूपीएससी असेल तर लवकर डिग्री घेऊन फायदा शून्य. परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्टला वय २१ पूर्ण लागतं. तिचा जन्म कधीचा?

येरळाकाठ | १६ जानेवारी, दुपारी २.१५

ऑक्टोबर २००८.

खुर्ची नंबर १२ | १६ जानेवारी, रात्री ९.२०

मग बघा. साध्या तीन वर्षांनी ती २०२९ च्या उन्हाळ्यात बीए होईल. १ ऑगस्ट २०२९ ला वय २० वर्षं ९ महिने, म्हणजे त्या वर्षीची परीक्षा देता येत नाही. पहिली संधी २०३०. अडीच वर्षांत डिग्री घेतली तरी २०३०. चार वर्षांची पदवी धरली तर २०३० ला ती शेवटच्या वर्षाला असेल, आणि शेवटच्या वर्षाला असताना पूर्वपरीक्षा देता येते. म्हणजे चौथं वर्ष करूनही तिचं काही जात नाही.

उलट फायदा आहे. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेतला तर २५० चे दोन पेपर, एकूण ५०० गुण. आमच्यातली इंजिनिअर झालेली पोरं तो विषय शून्यापासून धरतात, हॉब्स आणि लॉक या विचारवंतांमधला फरक क्लासच्या नोट्समधनं पाठ करतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली. लिहिता येणारा माणूस टिकणार. मी स्वतः घाईत डिग्री उरकली, तीन वर्षांत एकही पुस्तक अख्खं वाचलं नाही. तो खड्डा आज भरतोय.

कोयनेपार | १६ जानेवारी, रात्री ११.५०

मूळचा कराडचा, सध्या अमेरिकेत. 'सलग बीए-एमए' ही कल्पना इकडून तिकडे गेली की तिचा अर्थ बदलतो, म्हणून लिहितो आहे.

इकडे चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची आणि राज्यशास्त्राचं एमए ३० ते ३६ क्रेडिटचं असतं. अनेक विद्यापीठांत 'चार अधिक एक' योजना असते. मुलं तिसऱ्या वर्षात अर्ज करतात, गुणांची किमान अट असते, आणि चौथ्या वर्षात एमएचे तीन-चार विषय घेतात. हे ९ ते १२ क्रेडिट दोन्ही पदव्यांत मोजले जातात. सगळी बचत तिथेच आहे. एकच विषय दोन खात्यांवर जमा होतो, म्हणून सहाऐवजी पाच वर्षांत दोन पदव्या. अभ्यास दाबून बसवलेला नसतो, दुहेरी मोजलेला असतो.

भारतातल्या एडीपीत दुहेरी मोजणी नाही. तिथे तेवढंच ओझं कमी दिवसांत वाहायचं आहे. नाव सारखं वाटलं तरी काम वेगळं.

इकडे या योजनेची दुसरी बाजूही पाहिली. विद्यार्थी पदव्युत्तर म्हणून नोंदला गेला की पदवीच्या मुलांना मिळणारी सरकारी मदत बंद होते. त्यामुळे पाचवं वर्ष घरच्या पैशांवर किंवा कर्जावर येतं. आणि जो पुढे पीएचडीला जाणार आहे त्याला इकडे वेगळ्या एमएची गरजच नसते, पदवीनंतर थेट प्रवेश मिळतो, एमए वाटेत होऊन जातं. म्हणून माझ्या ओळखीत ही योजना घेणारे बहुतेक सरकारी कार्यालयं, शहरांचं प्रशासन, संशोधन संस्था अशा नोकऱ्यांकडे जाणारे होते.

ताई, तुमच्या बहिणीला परदेशी यायचं असेल किंवा नसेल, तिच्या दृष्टीने चार वर्षांची पदवी उपयोगाची. तीन वर्षांच्या भारतीय पदवीला इकडची काही विद्यापीठं अजूनही अडून बसतात.

हळदपेठ | १७ जानेवारी, सकाळी ८.३०

म्हणजे फिरून फिरून पाच वर्षंच. मग घाई कशासाठी? बीए होऊ दे, निकाल बघा, पुढचं पुढं ठरवा.

येरळाकाठ | १७ जानेवारी, रात्री १०.४५

काका, 'पुढचं पुढं' हेच मला नकोय. आधी लिहिणार नव्हते, पण आता लिहिते.

मी २०१९ ला बीए झाले. अर्थशास्त्र, ७४ टक्के. निकाल जूनमध्ये लागला. एमएला कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात जायचं होतं. हॉस्टेलची चौकशी झाली होती, फॉर्मचा प्रिंट काढला होता. शेवटचा पेपर झाला एप्रिलमध्ये. मे महिन्यात पाहुणे येऊन गेले. जूनमध्ये सुपारी फुटली.

मला कुणी अडवलं नाही. हे लक्षात घ्या, कुणी 'नाही' म्हटलंच नाही. आईवडील चांगले आहेत, सासर चांगलं आहे, नवरा मला नोकरीला स्वतः गाडीवर सोडतो. फक्त त्या दोन-अडीच महिन्यांत माझ्या हातात कुठलाच प्रवेश नव्हता. तोवर लोक विचारायचे तेव्हा आई सांगायची, पोरगी शिकतीय. एप्रिलनंतर ते वाक्य आपोआप 'पोरगी घरी आहे' असं झालं. घरी असलेल्या पोरीला स्थळ येतंच, आणि चांगलं स्थळ सोडायचं कशासाठी, याला त्या वेळी कुणाकडंच उत्तर नसतं. माझ्याकडंही नव्हतं. तो प्रिंट अजून माझ्या कपाटात आहे, लग्नाच्या शालूखाली.

म्हणून मी 'लवकर' लिहिलं होतं. आता तुमचं सगळं वाचून कळलं की मला लवकर नकोय. मला मधली ती फट नकोय. पाच वर्षं लागू देत, सहा लागू देत. पण ज्या दिवशी ती कॉलेजात जाईल त्या दिवशी एमएपर्यंतचा प्रवेश तिच्या हातात असावा. आईला सांगता यावं की पाच वर्षांचं ॲडमिशन आहे, मधी काढता येत नाही. इंजिनिअरिंगच्या पोरीला मधनं कुणी काढत नाही ना? तसंच.

असं काही राज्यशास्त्रात आहे का?

जतचा वाटसरू | १८ जानेवारी, रात्री १२.१०

आहे. मी तोच कोर्स केलाय. ताई, नीट सविस्तर लिहितो.

हैदराबाद विद्यापीठात सामाजिक शास्त्रांचं पाच वर्षांचं एकात्मिक एमए आहे. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानवशास्त्र. बारावीनंतर एकदा प्रवेश, बाहेर पडताना एमए. केंद्रीय विद्यापीठ असल्यामुळं फी खासगीच्या मानानं फारच कमी, आवारातच हॉस्टेल. मी २०१६ ला गेलो तेव्हा त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा होती, आता सीयूईटीतनं, म्हणजे देशभरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतनं, प्रवेश होतो. सीयूईटी १३ भाषांत देता येते, त्यात मराठी आहे. हे आपल्याकडच्या कित्येक मुलांना माहीतच नसतं. परीक्षा मराठीतनं देता येते, शिकवणं मात्र इंग्रजीतनं.

तेवढं एक सोडलं तर बाकी अवघड काही नाही, पण ते एक खरंच अवघड आहे. मी जत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतला. पहिल्या सत्रात आठवड्याला शंभर-सव्वाशे पानं इंग्रजी वाचायची. एका पानाला मला पाऊण तास लागायचा. मी एक वही केली. डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं मराठी. लेजिटिमसी म्हणजे अधिमान्यता, हेजेमनी म्हणजे धुरीणत्व, ऑथॉरिटी म्हणजे अधिसत्ता, सॉव्हरिन्टी म्हणजे सार्वभौमत्व. मराठी शब्द कळला की कल्पना डोक्यात बसायची, मग इंग्रजी वाक्य सुटायचं. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस वहीची गरज संपली. बहिणीला वही आजच करायला सांगा. बारावीच्या पुस्तकापासनं सुरुवात करू दे.

पाच वर्षांच्या सलग कोर्सचा खरा फायदा मला तिसऱ्या वर्षी कळला. सुरुवातीची दोन वर्षं सगळ्या सामाजिक शास्त्रांची एकत्र ओळख झाली. माझे गावाकडचे मित्र तेव्हा टीवायला होते, पुढं काय या चिंतेत, एकीकडं भरतीचे फॉर्म, एकीकडं एमएचे. मी शांतपणे राज्यसंस्थेवरचं वाचन करत होतो, कारण माझं पुढचं ठरलेलं होतं. अभ्यासाला मन लागायला असं निवांतपण लागतं, ते मला मिळालं.

माझा एमएचा छोटा प्रबंध आमच्याच भागावर होता. जतची काही गावं पाण्यासाठी कर्नाटकात जायची भाषा करतात. २०१२ ला ठराव झाले, पुढं मी बाहेर पडल्यावर २०२२ ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी ४० गावांचा विषय काढला आणि सगळीकडं गदारोळ झाला. टीव्हीवर ती सीमावादाची बातमी होती. आमच्या आजीसाठी तो म्हैसाळ योजनेचं पाणी कधी येणार एवढाच प्रश्न होता. राज्याशी नागरिकाचं नातं पाण्याच्या पाइपातनं कसं ठरतं, हे मला हैदराबादला बसून समजलं. गावात असतो तर कदाचित दिसलं नसतं.

प्रवास: सांगलीहून सोलापूरपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. मुलींच्या हॉस्टेलबद्दल काही विचारायचं असेल तर माझ्या वर्गातल्या मैत्रिणींशी जोडून देतो, व्यक्तिगत निरोप करा.

खडूफळा | १८ जानेवारी, दुपारी ४.००

येरळाकाठ ताई, तुमचं कालचं लिखाण वाचलं आणि उठून अंगणात फेऱ्या मारल्या. मी तुम्हाला सत्रं आणि क्रेडिट मोजून दाखवत होतो, आणि खरं गणित मे महिन्याचं होतं. २१ वर्षांत टीवायच्या शेवटच्या पेपरला 'सर, एमएला येणार' म्हणून पाया पडून गेलेल्या किती मुली जुलैच्या प्रवेशयादीत नव्हत्या. मी दर वर्षी मनाशी म्हणायचो, रस उरला नसेल. मला वाईट वाटतंय की मी त्यांच्यातल्या एकीलाही फोन केला नाही.

आता त्या दृष्टीने सगळं पुन्हा मांडतो. माझं आधीचं मत बदललं आहे.

एडीपी तुमच्यासाठी वाईटच. लवकर पदवी म्हणजे लवकर 'पोरगी घरी आहे', आणि तेही डिसेंबरात, ऐन लग्नसराईच्या तोंडावर.

वाटसरूंनी सांगितलेला एकात्मिक अभ्यासक्रम पहिला पर्याय. पण सीयूईटी आहे, देशभरातून मुलं बसतात, प्रवेश नाही झाला तर? म्हणून जवळचा पर्याय तयार हवा. इथे चार वर्षांच्या पदवीकडे वेगळ्या नजरेने बघा. नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, अशी दर वर्षी बाहेर पडायची सोय आहे. ज्याला नाइलाजाने थांबावं लागतं त्याच्यासाठी ती चांगली आहे, केलेलं वाया जात नाही. पण तुमच्या घरासाठी तिसऱ्या वर्षाचं ते दार उघडं राहणं हाच धोका. म्हणून पहिल्या दिवसापासून घरात 'चार वर्षांचं बीए ऑनर्स' असंच बोला. तीन हा आकडा उच्चारूच नका. कॉलेज तेच, पास तोच, मैत्रिणी त्याच, चौथ्या वर्षाला नव्या गावी जायचं नाही.

चौथं वर्ष संपताना ती साडेएकवीस वर्षांची असेल. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स मिळतं. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, देता येते, पीएचडीलाही अर्ज करता येतो. नेटमधनं जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सध्या महिना ३७,००० रुपये. चौथ्या वर्षानंतरही फट येते, पण त्या वेळी मुलीच्या हातात बरंच काही असतं आणि तिचा आवाजही वाढलेला असतो. प्राध्यापक व्हायचं तर एमए लागतंच, ते मग एका वर्षाचं.

एकच खबरदारी. प्रत्येक कॉलेजात चौथं वर्ष चालतंच असं नाही, संशोधनाचं तर नाहीच, त्यासाठी मान्यताप्राप्त मार्गदर्शक लागतात. प्रवेशाआधी लेखी विचारा. प्राचार्यांना अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी 'होईल ताई, होईल' यावर विसंबू नका.

माणदेशी माती | १८ जानेवारी, रात्री ८.२५

आटपाडीहून. मी राज्यशास्त्र शिकलो नाही, पाणी चळवळीत फिरलो. पण एक गोष्ट सांगाविशी वाटते.

आमचं आटपाडी औंध संस्थानात होतं. जानेवारी १९३९ मध्ये औंधच्या राजानं, भवानराव पंतप्रतिनिधींनी, आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. गांधीजींचा सल्ला घेतला, मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडमधून आलेला इंजिनिअर मदतीला होता. घटनेचा पाया गावची पंचायत. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून ८ वर्षं होती तेव्हाची ही गोष्ट. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत उभी राहिली, भिंतीशिवायची. त्यानंतर १९४३ ला याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा सातारा. न्यायदान, बाजाराची व्यवस्था, सावकारीला चाप, सगळं गावोगाव. आणि देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव मुख्यमंत्री असताना १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. राज्य म्हणजे काय, सत्ता कुठून येते, याचे एवढे प्रयोग एवढ्या लहान मुलखात झाले.

शिकणाऱ्याला ते बघायला वेळ लागतो. ग्रामसभा ठरलेल्या दिवसांनाच भरते, पाण्याचं आवर्तन ठरलेल्या महिन्यात सुटतं. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढं वर्षानुवर्षं प्रशासक राहिला. त्या काळात गावातला माणूस आपली तक्रार घेऊन कुणाकडं गेला, हे अजून कुणी नीट लिहिलेलं नाही. तुमच्या बहिणीनं ६१ माणसं मोजली. तिनं पाच वर्षं असं मोजत राहावं. चौथ्या वर्षी तिचा प्रबंध त्याच वहीतनं निघेल.

माझ्याकडं जुनी पत्रकं, परिषदांचे ठराव दोन पेट्या भरून आहेत. लागेल तेव्हा या, चहा घेऊ.

हळदपेठ | १९ जानेवारी, सकाळी ७.५०

ताई, परवा मी जे लिहिलं ते माझ्या पोराच्या काळजीतनं लिहिलं होतं. काल हा धागा त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, आबा, त्या ताईला सांगा, सीयूईटीचे राज्यशास्त्राचे पेपर मी बहिणीकडनं सोडवून घेतो. रविवारी मोकळा असतो. पैसे नकोत म्हणाला. सांगलीत आमच्या घरी आलात तर उत्तम, नाहीतर फोनवर. बऱ्याच दिवसांनी आवाजात हुरूप होता त्याच्या.

खुर्ची नंबर १२ | १९ जानेवारी, सकाळी ७.५८

काका, मलाही येऊ द्या रविवारी. साताऱ्याहून सकाळची गाडी धरतो.

येरळाकाठ | २९ मार्च, रात्री ९.१५

उशीर झाला, माफ करा. आधी बोर्ड, मग बागेचा माल निघाला, मग बेदाण्याच्या शेडवर सगळेच.

सीयूईटीचा फॉर्म भरला. पेपर मराठीतनं घेतलाय. हळदपेठ काकांच्या घरी आतापर्यंत सात रविवार झाले. बसला अर्धं तिकीट असल्यामुळं जाण्यायेण्याचं काही वाटत नाही. दादा इतकं छान शिकवतात की परत येताना बसमध्ये ती मला सांगत असते आणि मला पुन्हा कॉलेजात बसल्यासारखं वाटतं. काकू आम्हाला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. वाटसरू दादा, तुमच्यासारखी वही केलीय, ३१२ शब्द झालेत. तुमच्या मैत्रिणीशी आईचं फोनवर बोलणं झालं. हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं हे आईनं तिला तीनदा विचारलं, तिनं तीनदा न कंटाळता सांगितलं.

दुसरा पर्यायही बघून ठेवला. दोन कॉलेजांत अर्ज देऊन पोच घेतली. एकानं चौथं वर्ष राज्यशास्त्रात चालू करणार असं लेखी दिलं. दुसऱ्या ठिकाणी क्लार्कनी अर्ज घ्यायलाच नकार दिला. दोन तास बसून राहिल्यावर घेतला.

घरात सांगायचं काम माझ्यावर होतं. खडूफळा सर, तुम्ही म्हणालात तसंच केलं, तीन हा आकडा काढलाच नाही. शेडवर बेदाणा निवडताना सांगितलं, पाच वर्षांचं ॲडमिशन आहे, इंजिनिअरिंगसारखं, मधी काढता येत नाही. आई काहीच बोलली नाही. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाली, तुझ्या वेळी असं काही असतंय हे ठाऊक नव्हतं. मी मान खाली घालून निवडत राहिले.

बाबांनी दोनच गोष्टी विचारल्या. हैदराबादला ज्वारीची भाकरी मिळते का, आणि एमए झाल्यावर तिला ग्रामसभेत बोलता येईल का. मी म्हटलं, त्याला एमए लागत नाही, मतदारयादीत नाव लागतं, ऑक्टोबरात १८ पूर्ण झाली की नाव घालू.

१ मेच्या ग्रामसभेला ती परत मागं बसणार आहे, वही घेऊन. या वेळी बाबा बरोबर जातो म्हणालेत. आजवर ते कधीच गेलेले नाहीत.